बेंबीपासून मोजायचे जॅकेट

एडिनबरा शहराच्या स्टॉकब्रिज भागातल्या रेबर्न प्लेस या रस्त्यावर धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने एकापाठोपाठ एक लागतात, आणि शहराच्या जुन्या भागात, किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या ग्रासमार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा व्यापार पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. माझ्या हातातले हे गडद राखाडी जॅकेट अशाच एका दुकानातून घेतलेले आहे, आणि ते किल्टवर, म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांच्या चुणीदार, घागऱ्यासारख्या वस्त्रावर घालायचे आहे. त्याची बटणे चांदीच्या रंगाची आहेत, मनगटाशी कापडाचा रुंद पट्टा उलटा दुमडल्यासारखा शिवलेला आहे, आणि त्याची उंची इतकी बेताची आहे की, किल्ट न पाहिलेल्या माणसाला हा नेहमीचाच कोट धुण्यात आटला असावा, असे वाटेल.

तो आटलेला नाही. किल्ट हा पँटसारखा कमरेच्या हाडांवर टेकत नाही. तो बेंबीच्या पातळीला पट्ट्यांनी आवळून बांधतात आणि त्याची खालची कड गुडघ्याच्या मध्यावर येते. नेसणाऱ्याची कंबर अशी वर सरकली की जॅकेटनेही तिच्यामागोमाग वर जाणे भाग असते. शिवाय किल्टला खिसे नसल्यामुळे समोर स्पोरन नावाची चामड्याची पिशवी लटकते, आणि ती झाकली जाऊ नये म्हणून जॅकेटचे पुढचे दोन्ही पल्ले खाली गोलाई देऊन मागे वळवलेले असतात. नेहमीच्या कोटापेक्षा हे जॅकेट साधारण तीन-चार इंचांनी आखूड असते आणि त्याचे खिसेही तेवढेच वर चढलेले असतात.

जुन्या बाजारात मुख्यतः दोन प्रकार हाती लागतात. आर्गाइल जॅकेट दिवसाही चालते आणि संध्याकाळीही. हातातले जॅकेट त्याच जातीचे आहे. दुसरे प्रिन्स चार्ली, म्हणजे समोर कमरेपर्यंतच येणारे, मागे छोट्या शेपट्या असलेले, समोरून बटणे न लावता उघडेच घालायचे आणि काळ्या बो-टायसोबत शोभणारे. हे नाव 1746 साली ब्रिटनच्या गादीसाठी लढताना स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावर पराभूत झालेल्या राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचे असले, तरी त्याने असले जॅकेट कधी पाहिलेही नव्हते, कारण हा घाट विसाव्या शतकातला आहे. त्या पराभवानंतर सरकारने हायलँड या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या किल्टसकट सगळ्या वेषावर बंदी घातली आणि ती 1782 पर्यंत टिकली. पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्यास आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या स्वागतसमारंभात हाच वेष दरबारी थाटाने मिरवला. आज तो सर्वाधिक दिसतो लग्नांत, आणि तेथे पुष्कळ जण तो भाड्याने घेतात. भाड्याच्या दुकानांनी वापरातून काढलेली जॅकेटे हाच जुन्या बाजाराचा मोठा पुरवठा आहे.

आता माझी चूक सांगतो. पहिले जॅकेट मी जीन्सवर घालून पाहिले. आरशात ते इतके नेमके दिसले की टेप काढण्याची गरजच वाटली नाही. घरी आल्यावर त्याच आरशासमोर किल्ट बांधला, वर जॅकेट चढवले आणि पाहतो तर पल्ल्यांची टोके स्पोरनच्या तोंडावर येऊन बसलेली, आणि मागची कड किल्टच्या चुण्यांवरून इतकी खाली लोंबलेली की पाय अर्ध्याने तोकडे झाल्यासारखे दिसत होते. दोष जॅकेटचा नव्हताच, कारण ते मुळात ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, नेहमीचा कोट होते आणि कोणीतरी त्याला फक्त चांदीची बटणे लावून ठेवली होती. जीन्सची कंबर जिथे असते तिथून ते योग्य दिसत होते, किल्टची कंबर मात्र वेगळीच होती.

म्हणून किल्ट, शर्ट आणि शक्य असल्यास वेस्टकोट एवढे अंगावर घेऊनच दुकानात जावे. ते जमत नसेल तर निदान पँटचा पट्टा बेंबीपर्यंत ओढून घ्यावा. दुकानदाराला त्याची सवय असते. हात सरळ खाली सोडून उभे राहावे आणि सर्वांत आधी खांदा पाहावा. खांद्याची शिवण जिथे संपते तिथेच आपले खांद्याचे हाड संपले पाहिजे. शिवण दंडावर उतरत असेल किंवा मानेच्या मागे कॉलरखाली आडवी वळी पडत असेल, तर कापड कितीही सुंदर असो, ते जॅकेट खुंटीला परत लावावे. खांदा दुरुस्त करणे म्हणजे बाह्या, कॉलर आणि आतले भरणे सगळे उसवून नव्याने बांधणे होय, आणि त्या मजुरीत बहुधा दुसरे जॅकेट येते.

छातीचा आकडा समजून घेणे सोपे आहे, पण तिथे हमखास गफलत होते. लेबलवरचा 40 हा घालणाऱ्याच्या छातीचा घेर असतो, जॅकेटचा नव्हे. जॅकेट टेबलावर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरली, तर अशा जॅकेटचे माप साधारण 22 इंच भरते, म्हणजे घेर 44 होतो. ही चार इंचांची ढिलाई असली, तरच आत वेस्टकोट मावतो. मागच्या बाजूला आणखी एक पाहायचे असते. किल्टच्या मागे सात-आठ यार्ड कापडाच्या चुण्या एकावर एक बसलेल्या असतात, त्यामुळे जॅकेटचा खालचा घेर तिथे पुरेसा उमललेला नसेल, तर तो चुण्यांवर चढून बसतो.

कंबर थोडी आत घेता येते, आणि शिवणीत माया, म्हणजे आत दुमडून ठेवलेले जादा कापड, शिल्लक असेल तर थोडी सोडताही येते. अस्तर उलगडून ही माया बोटांनी चाचपून पाहावी. उंची मात्र वाढवता येत नाही. कमी करायची तर खिसे आड येतात. साध्या ट्वीडच्या कोटाचे किल्ट-जॅकेट करून देणारे शिंपी आहेत आणि काहींचे काम खरोखर देखणे असते, परंतु खालून चार इंच कापल्यावर खिशाची झडप कडेला चिकटून बसलेली दिसली, की सोंग उघडे पडते. वरून शिवलेले खिसे हलवता येतात, पण जुन्या जागी न विटलेल्या कापडाचा गडद चौकोन राहतो. ट्वीडच्या आत हॅरिस ट्वीडचा गोल आणि क्रॉसचा शिक्का असेल तर आनंद मानावा. 1993 च्या कायद्यानुसार हे कापड स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकराच्या घरी हातानेच विणलेले असावे लागते. मात्र ही हमी कापडाची आहे, शिलाईची नाही.

लोकर म्हटली की कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, आलीच. ती पाठीवर शोधून उपयोग नाही. कॉलर उचलून तिच्या खाली पाहावे, खिशांच्या झडपा उलटून पाहाव्यात, आणि मग जॅकेट खिडकीच्या उजेडासमोर धरावे. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर किंमत त्या मानाने ठरवावी. एखादे भोक रफूने भागते. घरी आणल्यावर जॅकेट पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवले, तर उरलेल्या अळ्याही मरतात.

प्रिन्स चार्ली घेणाऱ्याने वेस्टकोट सोबत नसेल तर दोनदा विचार करावा, कारण एका काळ्या लोकरीला दुसरी काळी लोकर क्वचितच जुळते, आणि दिव्यांच्या उजेडात तो फरक अधिकच उठून दिसतो.

राहिली बाही. या राखाडी जॅकेटच्या आतल्या खिशात शिंप्याने शिवलेली एक चिठ्ठी आहे. तिच्यावरचे गिऱ्हाइकाचे नाव आम्ही झाकले आहे. शाई इतकी विटली आहे की महिना वाचता येतो, साल नाही. हा मूळ मालक माझ्याच खांद्याचा, पण हाताने लांब असावा. बाही माझ्या अंगठ्याच्या मुळाशी येत होती. साध्या कोटाची बाही मनगटाकडून दुमडून चालले असते, परंतु इथे मनगटावर तो रुंद पट्टा आणि त्यावर तीन बटणे आहेत. खालून कापले, तर पट्टा अर्धा होतो आणि बटणे कडेवर येतात. एडिनबऱ्याच्या लीथ भागातल्या एका वयस्कर शिंप्याने बाही मुंढ्यापासून, म्हणजे खांद्याकडच्या जोडापासून, उसवली, खडूने पाऊण इंचाची रेघ ओढली, वरचे कापड कापून गोलाई पुन्हा बसवली आणि बाही जागच्या जागी टाचून दाखवली. पट्ट्याला त्याने हातही लावला नाही. आठवड्याने जॅकेट आणायला गेलो तेव्हा तिन्ही बटणे होती तिथेच होती, आणि शर्टाचा कफ बाहीखालून अर्धा इंच दिसत होता.