खोली नको, दिवस दाखवा

(ग्वाल्हेरमधल्या मराठी मंडळींसमोर एप्रिल महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मे महिना तोंडावर आला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, झेलम एक्स्प्रेसची तिकिटं निघाली, पुण्याला पुतण्याची मुंज आहे. आता कुत्र्याचं काय करायचं?" मी तीस वर्षं सरकारी पशुवैद्यकीय खात्यात काढली, म्हणून लोक हक्कानं विचारतात आणि मलाही सांगायला आवडतं. पण हा प्रश्न नेहमी तिकिटं निघाल्यावर येतो. तो तिकिटं काढायच्या आधी यावा, म्हणून आज मी इथे उभी आहे.

बरोबर नेण्याचं आधी बोलून घेऊ. रेल्वेनं कुत्रा नेता येतो. त्यासाठी फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर लागते, नाहीतर कुत्रा गार्डाच्या डब्यातल्या पेटीत जातो. मे महिन्यात त्या पेटीतून झाशी, भोपाळ, भुसावळ करत पुण्याला जाणं कुत्र्यासाठी फार जोखमीचं आहे. मी ते कुणाला सुचवत नाही. मग उरतात दोन वाटा. एक, कुणीतरी घरी येऊन त्याला सांभाळणं. दुसरी, बोर्डिंग, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळायला ठेवून घेणारी जागा.

बोर्डिंग बघायला गेलेली माणसं काय बघतात, ते मी पाहिलेलं आहे, कारण मीही तेच बघितलं होतं. फरशी स्वच्छ आहे का, एसी आहे का, बिछाना कसा आहे, फोटो पाठवता का. म्हणजे आपण हॉटेलची खोली बघावी तशी खोली बघतो. कुत्र्याला खोलीचं फारसं काही नसतं हो. त्याचा दिवस कसा जातो, हे त्याच्यासाठी सगळं असतं. कितीदा बाहेर काढतात, कोण काढतं, किती वेळ, कुणाबरोबर. उरलेल्या वेळात तो काय करतो.

हे मला सोन्यानं शिकवलं. सोन्या आमचा गावठी कुत्रा. माझ्या मुलानं जिवाजीगंजातल्या गल्लीतून उचलून आणलेला, तांबूस, एक कान पडका. भावाच्या मुलीच्या लग्नासाठी आम्हाला सांगलीला जायचं होतं आणि मी त्याला अकरा दिवसांसाठी एका बोर्डिंगमध्ये ठेवलं. जागा चकचकीत होती. रोज सकाळी मोबाइलवर फोटो यायचा. मांडवात पाहुण्यांना मी तो कौतुकानं दाखवायची.

परत आलो तेव्हा सोन्या न्हालेला होता. अंगाला शाम्पूचा वास, गळ्यात लाल रुमाल. घरी आल्यावर त्यानं पाण्याचं अख्खं भांडं संपवलं आणि तो कोपऱ्यात जाऊन पडला. मी त्याचा पुढचा पंजा हातात घेतला, तर नखं नव्हती. म्हणजे होती, पण झिजून पार मुळाशी गेलेली, आणि उजव्या पंजाच्या मधल्या दोन नखांत आतली रक्ताची नस उघडी पडलेली. रुमाल सोडला तर मानेभोवती बोटभर रुंदीचा केस गेलेला पट्टा. अकरा दिवस तो साखळीला होता आणि अकरा दिवस फाटकाखालचं सिमेंट उकरत होता. मग मी ते फोटो पुन्हा काढून बघितले. सगळ्यांत गजांची सावली त्याच्या त्याच पडक्या कानावर, त्याच ठिकाणी पडलेली. भांड्यातलं पाणी त्याच रेषेला. अकराही फोटो एका सकाळी पाच मिनिटांत काढून ठेवलेले होते.

मी डॉक्टर आहे. नखं बरी केली, केस आले. पण त्यानंतर कितीतरी महिने मी बॅग काढली की सोन्या पलंगाखाली जाऊन बसायचा.

आता कायद्याचं सांगते, कारण हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० सालचा. त्याच्या ११व्या कलमात एक खास पोटकलम कुत्र्यासाठी आहे. नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हा गुन्हा आहे. व्यायाम न देणं! उपाशी ठेवणं, मारणं यांच्याच रांगेत ते घातलेलं आहे. आणि त्या कायद्यात मालक म्हणजे फक्त तुम्ही नव्हे, ज्याच्या ताब्यात त्या वेळी जनावर आहे तोही मालकच. म्हणजे बोर्डिंगवालासुद्धा. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये, त्यामुळे त्याच्या धाकानं कुणी सुधारेल असं मला वाटत नाही. पण तुम्ही विचारायला गेलात तर तुमचा प्रश्न लाडाचा नाही, एवढं लक्षात असू द्या.

तर विचारायचं काय? मी सांगते तसं विचारा. "काल सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत इथल्या एका कुत्र्यानं काय केलं, ते मला सांगा." उत्तर गुळमुळीत आलं, "फिरवतो ना, दोन टाइम फिरवतो," तर पुढे विचारा, कोण फिरवतं? एक मुलगा किती कुत्री बघतो? झाशी रोडकडे एक जागा मी बघितली. पत्र्याचा साधा फलक, एसी वगैरे काही नाही. तिथल्या मुलानं शाळेची शंभरपानी वही काढून दाखवली. प्रत्येक कुत्र्याचं वेगळं पान. पाच वाजून दहा मिनिटं, बाहेर. शी केली, पातळ. पाच पन्नास, आत. अर्धं जेवला. अक्षर वेडंवाकडं होतं, पण अशी वही ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे मी डोळे मिटून कुत्रा ठेवीन.

त्याच रस्त्यानं पुढे टेकनपूर लागतं. सीमा सुरक्षा दलाचं राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून तिथे आहे. तिथे कुत्रा आणि त्याचा हँडलर अशी जोडी जमवून शिकवतात, कारण काम त्या दोघांच्या नात्यावर चालतं. बोर्डिंगमध्ये इतकं कुणी देऊ शकत नाही, मला मान्य आहे. पण निदान रोज तोच माणूस येतो का, हे विचारता येतं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, परवा तिसरा, अशानं बुजरा कुत्रा जेवण सोडतो.

व्यायाम म्हणजे पळवणं, असा आपला एक समज आहे. कुत्र्याला नाक खाली घालून हिंडायला मिळालं पाहिजे. वीस मिनिटं वास घेत, थांबत, खांबाखांबाशी चौकशी करत फिरलेला कुत्रा घरी येऊन शांत झोपतो. मोटरसायकलला बांधून दोन किलोमीटर पळवलेला नुसता दमतो. हा मोटरसायकलचा प्रकार मी मुरारकडे डोळ्यांनी पाहिलाय. तसं कुणी करत असेल तर तिथून लगेच निघा. आणि वयाप्रमाणे फरक करा. सहा महिन्यांच्या लॅब्रॅडॉरची हाडं अजून वाढत असतात, त्याला जिने आणि लांब पळणं नको. म्हाताऱ्याचे सांधे आखडलेले, त्याला थोडं थोडं चारदा न्यावं. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांच्यासारखी खोल छातीची कुत्री पोटभर जेवून लगेच उड्या मारतात तेव्हा पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो, आणि तो पीळ काही तासांत जीव घेतो. जेवण आणि खेळ यांत तासाभराचं अंतर ठेवता का, हे स्पष्ट विचारा.

हल्ली मोकळ्या अंगणात दहा-पंधरा कुत्री एकत्र सोडतात आणि लोकांना ते फार छान वाटतं. तिथे माणूस उभा आहे का, की सीसीटीव्हीच बघतोय? पग आणि रॉटवायलर एकाच अंगणात आहेत का? माजावर आलेली कुत्री वेगळी ठेवतात का? आणि फाटक दुहेरी पाहिजे, म्हणजे एक उघडताना दुसरं बंद असेल. अनोळखी जागेत घाबरून निसटलेला कुत्रा घराच्या दिशेनं धावत सुटतो आणि मध्ये हायवे असतो.

आता आपल्या ग्वाल्हेरचा उन्हाळा. ४५ अंश आपल्याला नवीन नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो धापून अंग थंड करतो. हवाच भट्टीसारखी असेल तर धापून काय होणार? पग, बुलडॉग, शीत्झू यांची नाकं आखूड, त्यांना तेवढंही जमत नाही. म्हणून मे महिन्यात पहाटे पाचला एक फेरी आणि रात्री नऊनंतर दुसरी, या दोन्हींच्या मधल्या वेळात कुत्र्याला बाहेर काढलेलं मी मान्य करत नाही. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. सात आकडे मोजेपर्यंत ठेववली नाही, तर कुत्र्याचे तळवेही तिथे टेकवू नयेत. बोर्डिंगचं छप्पर पत्र्याचं आहे का, ते दुपारी तीनला जाऊन बघा. सकाळी दहाला जाऊन उपयोग नाही. कूलर आहे म्हणाले तर विचारा, लाइट गेल्यावर काय? दुपारी दोन तास लाइट गेली आणि कुणी पाणी मारलं नाही, तर एवढ्यात पग दगावतो. लाळ गळतेय, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या जातायत असं दिसलं तर आधी अंगावर साधं नळाचं पाणी ओता, पंखा लावा, आणि मग गाडीत घाला. हे तिथल्या मुलांना माहीत आहे का, तेही विचारा. थंडीचं त्या मानानं सोपं आहे. जानेवारीत पारा चार-पाचवर येतो तेव्हा फरशीवर लाकडी फळी आणि वर पोतं पाहिजे, बस्स.

लसींचं थोडक्यात सांगते. रेबीज आणि बाकीची वार्षिक लस पूर्ण हवी. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची लस वेगळी असते, ती निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊन भागत नाही, निदान दोन आठवडे आधी घ्या. जो बोर्डिंगवाला तुमच्याकडे लसीचं पुस्तक मागत नाही, तो शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याचंही मागत नसतो.

पण ज्यावर माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं ते गोचीड. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड अंडी घालते कुत्र्याच्या अंगावर नाही, भिंतीत. रक्त पिऊन टम्म झाली की गळून पडते, भिंत चढते, फट शोधते आणि एकेक मादी हजारो अंडी घालते. जिथे रोज नवीन कुत्रा येतो अशी भिंत म्हणजे तिचं माहेरच. म्हणून मी बोर्डिंग बघायला जाताना टॉर्च घेऊन जाते. जमीन नाही बघत, ती धुतलेलीच असते. दाराच्या चौकटीमागे, बिजागरीत, प्लास्टर सुटलंय तिथे, छताच्या कोपऱ्यात प्रकाश टाकते. तिळाएवढे तपकिरी ठिपके हलताना दिसले तर नमस्कार करून निघते. त्या चाव्यातून जो ताप येतो, तो एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, म्हणजे तुम्ही परत येऊन, सामान लावून, सगळं विसरल्यावर. कुत्रं जेवेना, हिरड्या पांढुरक्या, पोटावर लाल टिकल्या, कधी नाकातून रक्त. अशा वेळी डॉक्टरांना सांगा की हा बोर्डिंगला होता. तेवढ्या एका वाक्यानं रक्ताची तपासणी लवकर होते आणि औषध वेळेवर सुरू होतं.

मघाशी बाहेर चहा घेताना एका काकूंनी विचारलं, आमचा चौदा वर्षांचा आहे, डोळ्यांना दिसत नाही, त्याचं काय करू? काकू, त्याला कुठेच पाठवू नका. आंधळ्या कुत्र्याला घराचा नकाशा पाठ असतो, तो नव्या जागी शून्यावर येतो. शेजारचं एखादं कॉलेजातलं पोर रात्री झोपायला बोलवा, त्याला पैसे द्या, आणि दोन दिवस आधीपासून तुमच्यासमोर त्याच्या हातून जेवण घालायला लावा.

बाकीच्यांनी लांबच्या मुक्कामाआधी एक रात्र ठेवून बघा. आपलंच खाणं बांधून द्या, बदललं की जुलाब होतात. तुमची न धुतलेली जुनी चादर द्या. कागदावर लिहून द्या औषधं, डॉक्टरांचा नंबर, आणि इतक्या रुपयांपर्यंत मला न विचारता उपचार करा, असं सहीनिशी.

आणि मी त्या कागदावर आता शेवटी एक ओळ घालते. आम्ही परत न्यायला येऊ तेव्हा आंघोळ घालू नका, रुमाल बांधू नका. आमची चिंगी डिसेंबरात त्या वहीवाल्या जागेतून सहा दिवसांनी परत आली. पाय धुळीनं माखलेले, पोटाखाली गवताची कुसळं अडकलेली, अंगाला मातीचा वास. दारातच खाली बसून मी तिचे चारही पंजे एकेक करून हातात घेतले. नखं जशी नेली तशी होती.