आधी घरच्याला विचारा

मला दिलेला विषय आहे, 'आश्रयातून बसेंजी घरी आणताना'. म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यातून बसेंजी जातीचा कुत्रा दत्तक घेताना. पण बसेंजीपेक्षा मी जास्त बोलणार आहे ते तुमच्या सोफ्यावर आधीपासून पसरलेल्या कुत्र्याबद्दल. दत्तक घ्यायचं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. आणि नवा आला की सगळ्यात जास्त सरकून बसावं लागतं त्यालाच.

बसेंजी म्हटलं की लोकांना एकच गोष्ट ठाऊक असते: हा भुंकत नाही. हे अर्धं खरं. हा मध्य आफ्रिकेतला, काँगोच्या खोऱ्यातला शिकारी कुत्रा. दाट झाडीत शिरला की आवाज नाही, मग तो आहे कुठे हे कळायचं कसं? म्हणून तिथले शिकारी त्याच्या गळ्यात लाकडी घंटा बांधत. पण मुका तो नाही. गुरगुरतो, किंचाळतो आणि खुशीत आला की तान घ्यावी तसा एक विचित्र सूर लावतो. आमची बसेंजी चिमणी, तिनं पहिल्यांदा पहाटे तो लावला तेव्हा मी आणि आमचा जुना कुत्रा मोती, दोघंही अंथरुणात ताडकन उठून बसलो. (मोतीला अंथरुणात झोपायची परवानगी नाही. ते तूर्त सोडा.)

दोन कुत्र्यांच्या घरात खरी अडचण आवाजाची नसते, शेपटीची असते. कुत्री एकमेकांची शेपटी वाचतात. वर ताठ उभी असेल तर समोरचा सावध होतो. बसेंजीची शेपटी जागेपणी बहुतेक वेळ पाठीवर घट्ट गुंडाळलेली, कान उभे, कपाळाला आठ्या. म्हणजे तो मजेत असला तरी दुसऱ्याला वाटणार, हा तणावात आहे. मोती चिमणीकडे यायचा, चार पावलांवर थांबायचा आणि मान वळवून दुसरीकडेच बघायचा. मला वाटलं, घाबरला. तो घाबरला नव्हता, 'मला भांडायचं नाही' असं सांगत होता. चिमणी गाढ झोपली की तिची शेपटी घड्याळाची स्प्रिंग सैल व्हावी तशी उलगडते. तो शेजारी असताना ती तशी झोपायला जवळपास तीन आठवडे लागले. तोवर मी त्या दोघांना एका खोलीत ठेवून बाहेर गेले नाही.

पहिली भेट घरात नको. दोघांचीही नसलेली मोकळी जागा निवडा, दोन माणसं, दोन दोऱ्या. वीसएक फूट अंतर ठेवून एकाच दिशेनं चालत राहा. समोरासमोर आणू नका, नाकाला नाक लावणं ही माणसांची हौस आहे. दोघंही जमीन हुंगायला लागले की थोडं जवळ घ्या. मागून हुंगायला आले तर मनात तीनपर्यंत मोजा आणि हाक मारून पुढे चला. दोरी सैलच असू द्या, ताणलेल्या दोरीतून तुमची धास्ती थेट त्याच्या मानेत पोचते. घरी आल्यावर आधी नव्याला एकट्याला घर हुंगू द्या, जुना तेवढा वेळ बाहेर. आणि नर-मादी जोडी जमवता आली तर जमवा. या जातीत दोन माद्यांचं जमणं अनेकदा कठीण जातं.

त्याआधी हाडं, खेळणी, जुनी चघळलेली चप्पल, सगळं उचलून ठेवा. जेवण वेगळ्या खोल्यांत, मध्ये दार बंद. आणि कुणी गुरगुरला तर दटावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दटावून बंद केलीत तर पुढच्या वेळी सूचना न येता थेट दात येतील.

पाण्याची भांडी मात्र दोन ठेवाच, आणि त्याचं कारण भांडण नाही. बसेंजीमध्ये फॅनकोनी नावाचा मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार आढळतो. रक्तातली साखर नेहमीसारखी असते, तरी लघवीतून साखर निसटून जाते. सहसा चार ते आठ वर्षांच्या वयात तो दिसू लागतो, आणि पहिली खूण म्हणजे भरपूर पाणी पिणं, भरपूर लघवी. दोघं एकाच भांड्यातून पीत असतील तर कोण किती प्यायलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. नुसती लघवी तपासून मधुमेहाचा शिक्काही बसू शकतो, म्हणून रक्तातली साखर त्याच वेळी बघायला सांगा. 2011पासून या आजाराची थेट डीएनए चाचणी आहे. आश्रयातून आलेल्या कुत्र्याचे आईबाप माहीत नसतात, तेव्हा ती करून घ्या आणि दर महिन्याला लघवीत साखर आहे का ते पट्टीनं तपासत राहा.

पिंजऱ्याबद्दल थोडक्यात. काही बसेंजींना कोंडलेलं अजिबात सोसत नाही. दार उघडं ठेवून, आत खाऊ टाकून, हळूहळू सवय लावा. वेळ जाईना झाला तर तो रिमोटपासून उशीपर्यंत काहीही कुरतडतो, हे गृहीत धरा.

कुंपणाचं मात्र मनावर घ्या. मोतीला आठ वर्षं पुरलेलं आमचं जाळीचं कुंपण चिमणी मांजरीसारखी पंजे अडकवत चढली. मी खिडकीतून बघत होते. वरच्या कडेवर ती क्षणभर थांबली, मागे वळून मोतीकडे पाहिलं आणि पलीकडे. हलणारं काही दिसलं की मागे पळायचं, हे या कुत्र्यांच्या रक्तात आहे. त्या वेळी तुमची हाक त्यांच्या कानात शिरत नाही. ती सापडली दोन तासांनी. तेव्हापासून मोती मोकळा फिरतो आणि चिमणी दोरीला. अन्याय आहे, पण इलाज नाही.

जेमतेम 10-11 किलोचा जीव, मान लांब, डोकं निमुळतं. साधा पट्टा मागे खेचला की कानांवरून सुटतो. दोन वेढ्यांचा मार्टिंगेल पट्टा घ्या. ओढ बसली की लहान वेढा मोठ्याला आवळतो, पण ठरावीक मापापुढे आवळत नाही. चिमणीचा जुना मी सोबत आणलाय. पुढे या, हाताळून बघा. कडा कुरतडलेल्या आहेत, ते काम मोतीचं.