रायचौधुरींचं समीकरण आणि सायटेशनची मोजणी

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या आठवड्यात एक विद्यार्थी घरी आला होता. गणितातली पीएचडी करतोय. चहा व्हायच्या आत त्यानं विचारलं, "सर, मुलाखतीला जाताना एच-इंडेक्स किती असावा?" त्याचं चुकलं नव्हतं. आज अर्जांमध्ये तो आकडा मागतात. पण मला त्या क्षणी भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी आठवले. आज त्यांच्याविषयीच बोलतो.

आधी हा एच-इंडेक्स म्हणजे काय ते सांगतो. तुमच्या 10 शोधनिबंधांचा प्रत्येकी निदान 10 वेळा इतरांनी संदर्भ दिला असेल, म्हणजेच सायटेशन केलं असेल, तर तुमचा एच-इंडेक्स 10. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये तो सुचवला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात रायचौधुरी गेले. या हिशेबात गंमत अशी, की कुणी आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला हजार जणांनी आधार मानलं, तरी त्याचा आकडा 3 च.

रायचौधुरींचा जन्म 1923 चा, बारिसालचा. कोलकात्याच्या एका संशोधन संस्थेत ते नोकरीला होते तेव्हा त्यांच्याकडून धातूंमधल्या इलेक्ट्रॉनांवर काम अपेक्षित होतं. त्यांचं मन मात्र आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत. रशियन गणितज्ञ फ्रीडमननं 1922 मध्ये प्रसरण पावणाऱ्या विश्वाचं गणित मांडलं होतं. ते मागे मागे नेलं की सगळं एका बिंदूत कोसळतं, घनता अनंत होते. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. पण फ्रीडमननं विश्व सगळीकडे अगदी सारखं आहे असं गृहीत धरलं होतं. मग हा कोसळणारा बिंदू खरा, की त्या सोप्या गृहीतकाची करामत? रायचौधुरींनी गृहीतकच काढून टाकलं आणि पुन्हा गणित केलं.

त्यांनी काय केलं ते समजायला नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत चला. तान्ह्या पोळ्याचा दिवस, इतवारी-महालातली ती गर्दी. तुमच्याभोवती दहा-बारा माणसं गोल करून चालताहेत. थोडं पुढे गेल्यावर त्या गोलाचं काय होईल? तो लहान किंवा मोठा होईल, चेपून लांबुळका होईल, नाहीतर तुमच्याभोवती फिरेल. आता माणसांच्या जागी विश्वातलं द्रव्य धरा. रायचौधुरींचं समीकरण सांगतं, की द्रव्याचं गुरुत्वाकर्षण गोलाला आवळतं आणि चेपलं जाणंही आवळण्यालाच मदत करतं. द्रव्याला दाब नाही आणि विश्वस्थिरांक, म्हणजे आइन्स्टाइनच्या समीकरणातलं विश्वाला बाहेर ढकलू शकणारं पद, शून्य आहे असं धरलं, तर या आवळण्याला अडवणारं एकच काही उरतं: फिरणं. म्हणजे विश्व खडबडीत, वेडंवाकडं असलं म्हणून कोसळणं टळत नाही. एका ओळीचं समीकरण आहे हो हे. मी ते फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, दरवेळी खडू खाली ठेवून क्षणभर बघत राहतो.

हा निबंध मे 1955 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'त आला. एकट्याचं नाव. आइन्स्टाइन जाऊन महिनाही झाला नव्हता. सायटेशन मोजायची पद्धतशीर सूची असावी ही कल्पना माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्डनं त्याच वर्षी मांडली, आणि त्याची सूची 1964 मध्ये निघाली. तोवरची नऊ वर्षं या निबंधाची दखल कुठल्या खात्यात जमा होणार होती? पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोजनं तारा कोसळतो तेव्हा सिंग्युलॅरिटी अटळ आहे हे सिद्ध केलं. मग हॉकिंगनं तोच युक्तिवाद अख्ख्या विश्वाला लावला. दोघांच्या सिद्धतेत मधला खांब रायचौधुरींचा. पेनरोजना 2020 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा रायचौधुरींना जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

आता मोजणीतली दुसरी गोष्ट. समीकरण पाठ्यपुस्तकात गेलं की लोक नुसतं 'रायचौधुरी समीकरण' म्हणतात आणि पुढे जातात, 1955 चा निबंध संदर्भयादीत येतोच असं नाही. काम जितकं मुरतं तितकी त्याची नोंद पुसट होते. आणि वर्गाचं काय? 1961 पासून ते प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत होते. स्ट्रिंग सिद्धांतातले अशोक सेन तिथेच त्यांच्या हाताखाली शिकले. त्या तासांना कुठल्याही सूचीत रकाना नाही. या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या मुलाला मी तो जुना निबंध वाचायला दिला. परवा तो परत आला. एच-इंडेक्सचं नाव नाही. दारातूनच म्हणाला, "सर, फिरणं जर कोसळण्याला अडवतं, तर तारे तर फिरतातच. मग पेनरोजचं कसं जमलं?"

मी त्याला बसवलं आणि कागद घेतला. पेनरोजनं ताऱ्याच्या द्रव्याच्या वाटा धरल्याच नाहीत, एका पृष्ठभागाला काटकोनात निघणारे प्रकाशकिरण धरले. अशा किरणांच्या जुडग्याला फिरणं नसतंच. तो अडथळा दाखवणारं पद समीकरणात आपोआप शून्य होतं.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. चहा निवला.