लॉट खराब होता का स्कोप?

(सकाळचे सात. रेंजवर अजून कोणी नाही. लांब टांगलेलं कोरं कार्ड.)

नमस्कार मंडळी. हे समोर कार्ड दिसतंय ना, ते 50 मीटरवर आहे, आणि त्यातलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलीमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ह्या बटणाच्या मागं आपल्या कोल्हापूरची पोरं-पोरी कैक वर्षं लागलीत. 2010 ला म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत 50 मीटर रायफल प्रोनला, म्हणजे पालथं झोपून मारतात त्या प्रकारात, वर्ल्ड चॅम्पियन झाली, 600 पैकी 597. मग 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, 451.4 मारून ब्राँझ आणलं, आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत ज्यांनी आयुष्यात रायफल बघितली नव्हती ती माणसंपण टीव्हीसमोरनं हलली नाहीत.

आज बोलायचंय ते मॅचच्या लई आधी जे काम होतं त्याबद्दल, म्हणजे काडतूस तपासणं, आणि ते तपासायला रायफलवर कुठला स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावायचा.

आता कोणीतरी म्हणेल, अरे 50 मीटरच्या मॅचला स्कोप चालतच नाही, पीप साईट असते, बारीक भोकातनं नेम धरायची. बरोबर आहे, रायफलच्या ह्या इव्हेंटला दुर्बिणीला परवानगी नाही. पण तपासताना मला माझा नेम बघायचा नसतो, काडतूस बघायचं असतं, आणि त्यात डोळ्याची चूक जेवढी मिसळेल तेवढं काडतुसाचं खरं कळणं अवघड. .22 च्या, म्हणजे ह्या मॅचच्या छोट्या काडतुसाच्या, बॉक्सवर लॉट नंबर असतो, कुठल्या खेपेत बनलं त्याचा. एकाच कंपनीचा, त्याच नावाचा माल, पण लॉट बदलला की माझ्या बॅरलमध्ये ग्रुप, म्हणजे कार्डावर भोकं किती जवळ पडतात ते, बदलतो, आणि जो लॉट माझ्या रायफलला झकास चालतो तो शेजारच्या लेनवरच्या पोराच्या रायफलला चालेलच असं नाही. बाहेर इंग्लंडला एली आणि जर्मनीत लापुआ ह्या काडतूस कंपन्यांचं टेस्ट सेंटर आहे, तिथं रायफल शिकंज्यात घट्ट धरतात आणि लॉटमागून लॉट मारून बघतात, साईटची भानगडच नाही. आपल्याकडं काय, बाक, वाळूची पिशवी आणि स्कोप.

माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, मी त्याला दादा म्हणतो. त्याला हँडलोडिंगचा नाद आहे. तिकडं ते चालतं, रिकामी केस घ्यायची, नवा प्रायमर, म्हणजे पिन आपटल्यावर ठिणगी देणारा भाग, बसवायचा, दारू ग्रेनच्या (वजनाचं बारीक माप) दशांशात मोजून टाकायची, बुलेट किती आत बसवायची ते इंचाच्या हजाराव्या भागात ठरवायचं आणि मग 100 यार्डावर कुठली रेसिपी सगळ्यात छोटा ग्रुप देते ते शोधत बसायचं. आपल्याकडं लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा आर्म्स ॲक्ट 1959 खाली गुन्हा आहे, शिवाय .22 चा प्रायमर केसच्या कडेतच असतो, एकदा पिन आपटली की ती कड चेपली, परत भरायचा विषयच येत नाही. म्हणजे तो रेसिपी बदलतो आणि मी लॉट बदलतो, पण मागच्या वर्षी त्यानं रात्री फोन करून विचारलं, "अरे, स्कोप कुठला घेऊ, किती एक्सचा, म्हणजे किती पट मोठं दाखवणारा घेऊ?" तेव्हा मला माझीच चूक आठवली.

(टेबलवर दोन जुनी कार्डं शेजारी शेजारी.)

ही दोन कार्डं बघा. डावीकडचं लॉट एक, ग्रुप 11 मिलीमीटर. उजवीकडचं लॉट दोन, 17. तेव्हा मी एका दुकानातनं शिकारीच्या रायफलवर लावतात तसला स्कोप घेतला होता, 40 मिलीमीटरची पुढची काच, आणि दुकानदार म्हणाला सगळ्याला चालतोय. मीपण विचारलं नाही. लॉट एक सकाळी मारला, फ्रेश होतो. लॉट दोन मारताना अकरा वाजलेले, मान अवघडलेली, गाल जरा खाली सरकलेला. मी लॉट दोनवर काट मारली आणि पैसे जमवून एक नंबरचे बॉक्स भरले.

त्या स्कोपचा पॅरॅलॅक्स 100 यार्डाला फिक्स होता, आणि मी मारत होतो 50 मीटरवर.

पॅरॅलॅक्स म्हणजे काय, तर गाडीवर मागं बसलेल्याला स्पीडोमीटरचा काटा कसा वेगळ्याच आकड्यावर दिसतो, तेच. काटा आणि आकडा एका पातळीवर नसतात, म्हणून डोळा सरकला की आकडा बदलतो. स्कोपमध्ये नेमाचा क्रॉस आणि टार्गेटचं चित्र एका पातळीवर नसेल तर गाल दोन-चार मिलीमीटर सरकला तरी क्रॉस टार्गेटवर पोहायला लागतो. हिशोब सोपा आहे. 100 यार्ड म्हणजे 91 मीटर, टार्गेट 50 वर, काचेची अर्धी रुंदी 20 मिलीमीटर, तर डोळा अगदी कडेला गेला की चूक येते 9 मिलीमीटर, तीपण एका बाजूला. आणि दहाचं अख्खं वर्तुळ किती होतं? 10.4!

मग क्लबातल्या एका मित्राच्या साईड फोकसवाल्या, म्हणजे बाजूच्या नॉबनं पॅरॅलॅक्स बदलता येतो अशा, स्कोपवर तेच दोन्ही लॉट परत मारले, आणि लॉट दोन पुढं निघाला.

म्हणून दादाला पहिलं हेच सांगितलं, एक्स नंतर, आधी पॅरॅलॅक्स ॲडजस्ट होतो का आणि तुझ्या अंतरापर्यंत खाली येतो का ते बघ. नॉबवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नको. आधी मागची काच, आयपीस, पांढऱ्या भिंतीकडं किंवा आभाळाकडं बघून क्रॉस एकदम काळा कुळकुळीत दिसेपर्यंत फिरव, एका वेळी दोन सेकंदच बघायचं, जास्त बघितलं की डोळा स्वतःच ॲडजस्ट करून घेतो आणि फसवतो. मग रायफल पिशवीवर ठेव, हात लावू नको, डोकं हळू वर-खाली कर. क्रॉस हलतोय? नॉब जरा फिरव. परत डोकं हलव. क्रॉस कार्डाला चिकटल्यासारखा जागेवर राहिला की थांब, मग नॉबवर आकडा काहीही असू दे.

एक्सचं म्हणाल तर .22 चं भोक साधारण साडेपाच मिलीमीटरचं, 50 मीटरला 16-20 एक्स पुष्कळ झालं. दादासारखी 100 यार्डावर टेस्टिंग करणारी माणसं 24, 36 पण लावतात. पण एप्रिलमध्ये आपल्याकडं दहा वाजले की जमीन तापते आणि कढईवरची हवा कशी लवलवते तसं कार्ड लवलवायला लागतं, एक्स जेवढे जास्त तेवढं ते लवलवणं मोठं. तेव्हा खाली या, 12 वर या, नाहीतर सरळ घरी जा आणि उद्या सातला या.

(कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज. शिकंज्यात धरलेला स्कोप.)

ही जागा मला लई आवडते. इथल्या मिस्त्री काकांनी आयुष्यात रायफल हातात धरलेली नाही, पण स्कोपचा टरेट, म्हणजे क्रॉस वर-खाली, डावी-उजवीकडं सरकवायचा नॉब, त्यांना दोन मिनिटांत कळला. मी म्हटलं, काका, एक मिनिट ऑफ अँगल, हे कोनाचं बारीक माप, म्हणजे 100 यार्डावर जवळजवळ एक इंच, त्याचा पाव म्हणजे टरेटचा एक क्लिक. ते लगेच म्हणाले, "म्हणजे दोन सूत. आणि आठवा भाग असला तर एक सूत." एवढं सोपं मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. पुढं म्हणाले, "क्लिक किती बारीक ते राहू दे रे, परत जागेवर येतंय का ते बघ आधी. बॅकलॅश, म्हणजे आट्यात ढिलेपणा असला तर काय उपयोग?"

म्हणून स्कोप असा शिकंज्यात धरला, जबड्याला रबर लावून, आणि 50 मीटर लांबच्या भिंतीवर ग्राफ पेपर चिकटवला. 40 क्लिक वर, 40 उजवीकडं, 40 खाली, 40 डावीकडं. पाव मिनिटाच्या क्लिकनं 40 क्लिकला 50 मीटरवर 145 मिलीमीटर सरकायला पाहिजे, आणि शेवटी क्रॉस जिथनं निघाला तिथंच यायला पाहिजे. माझा जुना स्कोप दीड चौकट बाजूला थांबला. काकांनी एवढंच दाखवलं की लेथला कसं नेहमी एकाच बाजूनं मापावर येतात तसं इथंपण थोडं पुढं जाऊन परत मागं यायचं, त्यानं फरक कमी होतो. पण गेला नाही.

टेस्टिंगला मी टरेट मुद्दाम असा लावतो की गोळ्या नेमाच्या ठिपक्याच्या दीड इंच खाली पडाव्यात. दहाव्या गोळीपर्यंत ठिपका तसाच शाबूत पाहिजे, तोच फाटला तर पुढं नेम कशावर धरणार. आणि क्रॉसची रेघ बारीक हवी. फर्स्ट फोकल प्लेनच्या, म्हणजे क्रॉसपण चित्राबरोबर मोठा होतो अशा, स्कोपमध्ये एक्स वाढवले की रेघपण तेवढीच जाड होत जाते आणि ठिपका झाकते, लांब पल्ल्याला तो प्रकार चांगला, पण ग्रुप बघायला सेकंड फोकल प्लेनच बरा, त्यात रेघ तेवढीच राहते. दादानं आधी फर्स्टवालाच घेतला होता, बदलून घेतला.

आणि तीन गोळ्यांच्या ग्रुपचे फोटो टाकू नका राव. त्याच रायफलमधनं, त्याच लॉटचे पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारले तर त्यातला सगळ्यात मोठा सगळ्यात छोट्याच्या दीडपट, दुप्पट सहज निघतो. मी आता दहा गोळ्यांचे चार ग्रुप मारतो, एका लॉटला 40 गोळ्या, लॉट आलटून पालटून, म्हणजे थकवा आणि ऊन सगळ्या लॉटच्या वाट्याला सारखंच येतं. खर्च होतो, मान्य आहे.

जून ते सप्टेंबर स्कोप बॅगेत ठेवू नका, आपला पाऊस काचेला बुरशी आणतो. डब्यात, सिलिका जेलबरोबर.

(परत रेंज. तेच कार्ड, आता खालच्या बाजूला भोकांचा एक गुच्छ.)

लॉट दोन परत घ्यायला गेलो तेव्हा तो संपला होता. काल लॉट तीन, चार आणि पाचचे दोन-दोन बॉक्स मिळालेत. हा जो गुच्छ दिसतोय तो लॉट तीनचा, पहिल्या दहा गोळ्या, आणि आता चारचा बॉक्स उघडतोय.