तोंडाला सतत कोरड पडते? आधी गोळ्यांची पिशवी तपासा

नमस्कार. सुरुवातीलाच एक विचारते. ज्वारीची भाकरी आणि कोरडी चटणी, मध्ये पाणी न पिता दोन-चार घास गिळता येतात तुम्हाला? की घासागणिक पाणी लागतं? रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते? हे महिनोन्‌महिने चालू असेल तर ती नुसती तहान नाही. तुमची लाळ कमी पडतेय.

मी दातांची डॉक्टर आहे. माझ्याकडे साठीच्या एक काकू आल्या होत्या. आयुष्यभर दात चांगले, आणि दीड वर्षात सात दात किडले. कीडही दाढेच्या खळग्यात नव्हती, तर हिरडीच्या कडेला, दाताच्या मुळापाशी. तपासायला आरसा तोंडात घातला तर तो गालाला चिकटायला लागला. मी विचारलं, कोरड पडते का? म्हणाल्या, “हो ना मॅडम, म्हणून तर रात्री लिमलेटची गोळी गालात धरून झोपते.”

तिथेच सगळा घोळ होता. का, ते सांगते.

आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. [कानाखाली बोट ठेवून] गालगुंड झाल्यावर इथे सूज येते ना, ती लाळेचीच ग्रंथी. अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: एक इथे, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. लाळ घास ओला करते, हे आपल्याला माहीत असतं. पण ती तोंडातलं आम्लही मारते. गोड खाल्लं की जंतू आम्ल बनवतात, पीएच, म्हणजे आम्लाचं माप (आकडा कमी तितकं आम्ल जास्त), साडेपाचच्या आसपास किंवा त्याखाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि तिच्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट दाताला परत देते. झोपेत लाळ मुळातच अगदी कमी होते, सगळ्यांचीच. अशा वेळी साखर आणि लिंबाचं आम्ल गालात धरून झोपलं तर दाताला वाचवणार कोण?

आता कोरड का पडते? वयामुळे, असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. वयाबरोबर वाढतात त्या गोळ्या, आणि खरं कारण बहुतेकदा तिथेच सापडतं. काकूंना मी म्हटलं, पुढच्या वेळी घरातली औषधांची पिशवीच घेऊन या. त्यात बीपीची गोळी होती, सर्दी-खाज म्हणून रोज घेतली जाणारी अ‍ॅलर्जीची गोळी होती, वारंवार लघवीला लागतं त्यावरची होती, आणि पायाच्या जळजळीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन. यातल्या शेवटच्या तीन लाळग्रंथींना मिळणारा मज्जातंतूंचा इशारा कमीजास्त प्रमाणात अडवतात. एकेकटी कदाचित निभावली असती, तिन्ही मिळून तोंड सुकवतात. पण कृपा करून हा व्हिडिओ बघून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. फिजिशियनला विचारा: डोस कमी करता येईल का, वेळ बदलता येईल का, दुसरी चालेल का?

गोळ्या नसतील तर साखर तपासून घ्या. तोंडाबरोबर डोळ्यांतही कोरड असेल, वाळू गेल्यासारखं खुपत असेल, सांधे दुखत असतील, तर शोग्रेन हा आजार मनात ठेवा. १९३३ मध्ये हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश डोळ्यांच्या डॉक्टरने त्यावर प्रबंध लिहिला, म्हणून हे नाव. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते. रुग्णांमध्ये बायकाच खूप जास्त, आणि त्यांचं हे दुखणं ‘वय झालं’ म्हणून वर्षानुवर्षं उडवून लावलं जातं. याचा मला फार त्रास होतो. संधिवाततज्ज्ञांकडे जा, रक्ताची तपासणी करून घ्या.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्यांची कोरड वेगळी, कारण तिथे ग्रंथीच भाजून निघालेली असते. थोडी लाळ शिल्लक असेल तर डॉक्टर लाळ वाढवणारी पायलोकार्पिनची गोळी देऊ शकतात. तिने घाम खूप येतो, आणि दमा आटोक्यात नसेल किंवा काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असेल तर ती चालत नाही. म्हणजे मेडिकलमधून स्वतः आणायची गोष्ट नव्हे.

आणि घरी काय करायचं? पाणी घोट घोट, दिवसभर. एकदम तांब्याभर पिऊन तोंड ओलं राहत नाही. चघळायला बिनसाखरेचं, झायलिटॉलचं च्युइंगगम. सुपारी, तंबाखू, मिश्री बंद. जळजळणारा, अल्कोहोलवाला माउथवॉशही नको. दात फ्लोराइडच्या पेस्टनेच घासा, आणि रात्री घासल्यावर फक्त थुंका, खळखळून चुळा भरू नका. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. कोरड्या तोंडात बुरशी लवकर धरते, जीभ लाल होऊन झोंबायला लागली तर दाखवा. आणि दर सहा महिन्यांऐवजी तीन-चार महिन्यांनी दात तपासून घ्या.

काकूंची अ‍ॅलर्जीची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी थांबवली, लघवीची बदलली. लिमलेटची बरणी नातवाला न देता टाकूनच द्या, असं मी सांगितलं होतं. आता उशाशी पाण्याची बाटली आणि तोंडाला लावायचं जेल असतं. कोरड पूर्ण गेलेली नाही. पण भाकरी आमटीत कुस्करून, पाण्याचा पेला न घेता जेवते, असं परवा सांगत होत्या. नवीन कीड या वेळी एकही नव्हती.