भिंतीला सगळ्यांचे हात

नमस्कार मंडळी. आज घराबद्दल बोलायचंय. कमी विजेवर चालणारं, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राहणारं घर, आणि तेसुद्धा शेजारीपाजारी, मित्रमंडळी, त्या वस्तीत पुढे राहणारी माणसं, सगळ्यांना सोबत घेऊन बांधलेलं. ग्रीन होम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर आधी छतावरचे सोलर पॅनल येतात. पॅनल चांगलेच आहेत, जरूर लावा, पण ते शेवटी. आधी घराला वीज कमी कशी लागेल ते बघायचं, कारण हंड्यालाच भोकं असतील तर वरून कितीही पाणी ओता, भरणार कसा?

आणि या आधीच्या कामाला पैशापेक्षा माहिती जास्त लागते, आणि ती माहिती असते माणसांकडे. आर्किटेक्ट सूर्याचा मार्ग कागदावर काढून देईल, ते काम त्याचंच, पण दुपारी चारनंतर समोरच्या झाडाची सावली कुठवर येते, पावसाचा मारा कुठल्या भिंतीला बसतो, संध्याकाळचा वारा कुठून शिरतो हे शेजारच्या आजींना विचारा, त्या बसल्या जागेवरून हाताने दाखवतील. पश्चिमेची खिडकीच घ्या ना. संध्याकाळी सूर्य इतका खाली आलेला असतो की वरचा छज्जा कितीही बाहेर काढला तरी ऊन सरळ आत येतं. तिथे समोरून आडोसा लागतो, म्हणजे झाड, वेल, जाळी, नाहीतर पडदा, आणि पडदा बाहेरून बरं का, कारण आतून लावला तर ऊन काचेच्या आत येऊन झालेलं असतं आणि उष्णता खोलीतच कोंडते.

इथे मला इजिप्तची एक गोष्ट आठवते. १९४० च्या दशकात हसन फती नावाच्या आर्किटेक्टने लक्सरजवळ न्यू गुर्ना नावाचं गाव बांधायला घेतलं. मातीच्या विटा, लाकडाचा आधार न देता उभ्या केलेल्या कमानी आणि घुमट, हवा खेळती राहील अशी रचना, आजही शिकावं असं काम. कुटुंबांशी बोलून घरं बांधावीत असंच फतींचं मत होतं. पण ज्या लोकांना तिथे हलवायचं होतं ते थडग्यांच्या डोंगरावर राहायचे, त्यांची कमाई त्या जागेशी बांधलेली, आणि हलायचं की नाही हा निर्णय त्यांचा नव्हताच, तो सरकारने घेतला होता. बहुतेक लोक आलेच नाहीत आणि गाव अर्धवट राहिलं. भिंती गार होत्या हो, पण राहायला माणूस नाही तर त्या गारव्याचं करायचं काय? म्हणून मी म्हणते नकाशाची पहिली रेघ ओढायच्या आधी माणसांना बोलवा, रंग कुठला हवा एवढं विचारायला शेवटी बोलावण्यात अर्थ नाही.

याच्या उलट उदाहरण लंडनमधल्या लुइशॅमचं. तिथे वॉल्टर सेगल या आर्किटेक्टच्या पद्धतीने साध्या कुटुंबांनी स्वतःची घरं स्वतः उभी केली, बांधकामाचा काडीचा अनुभव नसताना. सेगल यांनी केलं काय, तर बाजारात मिळतात त्याच मापाचे तक्ते धरून घराची मापं ठरवली म्हणजे कापाकापी कमी आणि कचराही कमी, लाकडी सांगाडा बोल्टने जोडला आणि ओलं प्लॅस्टर जवळपास वगळलंच. नवख्या माणसाला जमेल असं डिझाइन आधी केलं आणि मगच त्याच्या हातात पाना दिला. लोकसहभाग म्हणजे फुकटची मजुरी नाही, हे मला फार मनापासून वाटतं. पाया, स्लॅब, वायरिंग ही कामं जाणकाराचीच, तिथे हौस नको.

पण मातीची भिंत बांधायची तर मातीची परीक्षा, ती पोरंसोरंसुद्धा करतात. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्यायची, वर पाणी भरायचं, चांगली हलवायची आणि दिवसभर तशीच ठेवायची. तळाला रेती बसते, मधे बारीक गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. कशाचं प्रमाण किती आहे ते थरांत दिसतं. चिकणमाती जास्त असेल तर भिंत वाळताना तडकणार, रेती जास्त असेल तर भुसभुशीत होणार, मग त्या हिशोबाने मिसळायचं. विटांची भिंत असेल तर गवंड्याशी रॅट ट्रॅप बाँडबद्दल बोला, आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी भारतात खूप वापरलेली पद्धत. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णताही सावकाश आत येते.

आता ज्यातून हवा आत-बाहेर होते त्या फटी. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याचीच कुणी बात करत नाही. जर्मनीत डार्मस्टाटला १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे गरम करायला अगदी कमी ऊर्जा लागणारं घट्ट घर, राहतं झालं, तिथून पुढे जे निकष ठरले त्यात गरम करायला वर्षाला एका चौरस मीटरमागे फक्त १५ युनिट (किलोवॉट-तास) इतकी उष्णता, आणि हवेच्या दाबाची चाचणी घेताना घरातली हवा तासाला ०.६ पटीपेक्षा जास्त बदलता कामा नये. इतकं घट्ट घर केलं की ताज्या हवेची वेगळी सोय करावीच लागते, ते विसरू नका. आणि रात्री खिडक्या उघडून भागतं अशा हवेत एवढ्या टोकाला जायची गरजही नाही, पण जिथे हीटर किंवा एसी लागणार तिथे फटी बुजवायलाच हव्यात.

मी एका घराच्या कामाला मदतीला गेले होते. भिंती झाल्या, लिंपण झालं, सगळे खूश, आणि दुसऱ्या दिवशी केबलसाठी चार ठिकाणी भोकं पाडली गेली, कुणी बुजवली नाहीत कारण ते कुणाचंच काम नव्हतं. मग आम्ही वाऱ्याच्या दिवशी दारं खिडक्या बंद करून उदबत्ती पेटवली आणि चौकटींच्या कडेने हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता, जात होता, आणि स्विचबोर्डपाशी आला तसा एकदम आडवा झाला. तिथल्या दहा वर्षांच्या मुलीने खडूने फुली मारली, आणि मग तिने उदबत्ती सोडलीच नाही, संध्याकाळपर्यंत सतरा फुल्या झाल्या. त्या सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून बुजवल्या, आणि त्यातल्या दोघांनी ती उरलेली उदबत्ती मागून घेतली, स्वतःच्या घरी फिरवायला.