कधीच पिचर नसलेला पिचिंग कोच

डेव्ह डंकनने मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, एकदाही पिचिंग (बॅटरला बॉल टाकणं) केलं नाही, आणि तरी त्याच्या हाताखालच्या चार जणांनी साय यंग अवॉर्ड नेलं, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळतं ते.

हे जमलं कसं, तर डंकन होता कॅचर. आपल्याला कॅचर म्हटलं की विकेटकीपरच डोळ्यासमोर येतो, पण हा नुसता बॉल पकडत नाही, पुढचा बॉल कुठला टाकायचा हे पिचरला बोटांच्या खुणांनी सुचवतो. बॅटर उभा कुठे राहिलाय, मागच्या खेपेला कशाला फसला, आपल्या पिचरचा आज कुठला बॉल लागत नाहीये, हा सगळा हिशोब डोक्यात, आणि वर तीन तास उकिडवं बसायचं!

बॅटर म्हणून डंकन बेताचाच. करिअरचं अॅव्हरेज .214, म्हणजे पाच प्रयत्नांत जेमतेम एकदा नीट फटका, होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका) मात्र 109, म्हणजे लागला तर लांब. 1971 ला ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या टीममध्ये आला. त्याची 1972 ची ओकलंड अॅथलेटिक्स म्हणजे ती मिशावाली टीम, मालक चार्ली फिनलीने मिशा वाढवायला प्रत्येकाला 300 डॉलर दिले होते. त्या वर्षी टीमने वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकली, पण तोवर डंकनची जागा जीन टेनेसने घेतली होती आणि पुढच्याच वर्षी डंकनला क्लीव्हलँडच्या टीमला ट्रेड करून, म्हणजे अदलाबदलीत देऊन टाकलं.

खरी गोष्ट सुरू होते ती खेळणं संपल्यावर. टोनी ला रुसा हा त्याचा जुना टीममेट, तो मॅनेजर आणि हा पिचिंग कोच, ही जोडी 1983 ला शिकागो व्हाइट सॉक्समध्ये जमली ती थेट 2011 पर्यंत, मध्ये ओकलंड, मग सेंट लुईस. डंकन डगआऊटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या टीमच्या बाकावर, जाडजूड फाईल घेऊन बसायचा, कुठल्या बॅटरने कुठला बॉल कुठे मारला ते हाताने लिहीत. आज हे काम कॉम्प्युटर करतात, तेव्हा हा एकटा पेन घेऊन.

पिचरला त्याचं सांगणं एकच, बॉल खाली ठेव. सिंकर (येता येता खाली बुडणारा बॉल) टाक, बॅटरला मारू दे, बॉल जमिनीवरून जाईल आणि फील्डर आहेत की उचलायला. प्रत्येकाला स्ट्राइकआऊट करायच्या, म्हणजे फील्डरच्या मदतीशिवाय एकट्यानेच आऊट करायच्या नादात हात कशाला मोडून घ्यायचा!

डेव्ह स्टुअर्टचंच घ्या. 1986 मध्ये फिलाडेल्फियाने त्याला सोडून दिलं, ओकलंडने उचललं, डंकनच्या हाताखाली त्याचा फोर्कबॉल (बॅटरजवळ येऊन अचानक खाली पडणारा बॉल) असा काही धारदार झाला की 1987 पासून सलग चार वर्षं पठ्ठ्याने वर्षाला 20 किंवा जास्तच मॅच जिंकल्या. डेनिस एकर्सली तर मुळात स्टार्टर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा पिचर, त्याला शेवटच्या इनिंगसाठी राखायला लागले आणि 1992 ला 51 सेव्ह (आघाडी शेवटपर्यंत टिकवून संपवलेल्या मॅच), साय यंग, वर एमव्हीपी, म्हणजे वर्षातला सर्वात मोलाचा खेळाडू सुद्धा. 2006 ला जेफ वीव्हर सीझनच्या मध्यात सेंट लुईसला आला, कोणाला फारशी आशा नव्हती, आणि वर्ल्ड सिरीजची शेवटची मॅच त्यानेच जिंकून दिली.

ला रुसा 2014 साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. डंकन नाही. तिथे खेळाडू घेतात, मॅनेजर घेतात, अंपायर सुद्धा घेतात, पण निव्वळ कोचिंगच्या जोरावर आत जायची सोय नाही, आणि माझ्या मते ही सोय करायची असेल तर पहिलं नाव डंकनचंच लागतं.